चौकांची मोट बांधणारं यंत्र

१ जानेवारी १९५४ रोजी कॅनडातल्या टोरांटोत एक नवा कारभार सुरू झाला. मूळ टोरांटो शहर आणि त्याला लागून वाढलेल्या बारा नगरपालिका एका छत्राखाली आल्या आणि या नव्या महानगराला ‘मेट्रोपॉलिटन टोरांटो’, थोडक्यात ‘मेट्रो’, हे नाव मिळालं. १९५१ च्या जनगणनेत या तेरा ठिकाणांची लोकसंख्या ११ लाखांवर गेली होती. महायुद्ध संपून दहा वर्षंही झाली नव्हती. युरोपातून माणसं येत होती, शेतजमिनींवर घरं उठत होती आणि नव्या घराबरोबर दारात मोटार येत होती. पाणी, सांडपाणी आणि मुख्य रस्ते हे प्रश्न एकट्यादुकट्या नगरपालिकेच्या आवाक्याबाहेर गेले होते.

मेट्रोचे पहिले अध्यक्ष फ्रेडरिक गार्डिनर धडाक्याने कामं करणारे होते. मार्च १९५४ मध्ये यंग स्ट्रीटखालून कॅनडातली पहिली भुयारी रेल्वे धावू लागली. पुढे सरोवराकाठच्या द्रुतगती मार्गाचा पहिला टप्पा १९५८ साली खुला झाला आणि त्याला गार्डिनर यांचंच नाव मिळालं. पण द्रुतगती मार्ग कितीही बांधा, तिथून उतरलेली गाडी शेवटी शहराच्या चौकातच येऊन थांबते. या शहराचा खोळंबा चौकात होता आणि तो सोडवायचा तर सिग्नलकडेच वळावं लागणार होतं.

टोरांटोत विजेचा पहिला सिग्नल १९२५ साली यंग आणि ब्लूर या रस्त्यांच्या चौकात लागला. त्यानंतर तीस वर्षांत सिग्नल शेकड्यांनी वाढले, पण त्यांची आतली रचना फारशी बदलली नाही. त्या काळची सिग्नलची पेटी उघडली तर आत एक छोटी विजेची मोटर दिसायची. ती एक तबकडी सावकाश फिरवायची. तबकडीच्या कडेला खुंट्या खोचलेल्या असायच्या. खुंटी ठरावीक जागी आली की आतला दट्ट्या सरके आणि दिवा बदले. तबकडीची एक फेरी म्हणजे सिग्नलचं एक आवर्तन. हिरव्याची वेळ पाच सेकंदांनी वाढवायची असेल तर माणसाने तिथे जायचं, पेटी उघडायची आणि खुंटी सरकवायची. आवर्तनच लांबवायचं असेल तर दातेरी चाक बदलायचं. सकाळच्या गर्दीचा, दुपारच्या शांततेचा आणि हॉकीचा सामना सुटल्यावर लोटणाऱ्या गाड्यांचा हिशेब या खुंट्यांना ठेवता येत नव्हता.

एका चौकाचं गणित, दहा चौकांचं कोडं

एका चौकाचं गणित तोवर बऱ्यापैकी सुटलं होतं. इंग्लंडच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतल्या एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ साली सिग्नलच्या वेळा ठरवण्याचं एक सूत्र मांडलं. जगभरचे वाहतूक अभियंते ते आजही शिकतात. दिवा बदलताना काही सेकंद वाया जातात: हिरवा लागल्यावर पहिली गाडी हलायला वेळ लागतो आणि पिवळ्यानंतर चौक रिकामा व्हायला वेळ लागतो. हा वाया जाणारा वेळ आणि चौकावर पडणारा भार या दोन गोष्टी घेतल्या की कमीत कमी खोळंबा होईल असं आवर्तन काढता येतं.

एका आवर्तनात १० सेकंद वाया जात असतील आणि चौकाच्या क्षमतेच्या ६० टक्के भार असेल, तर वेबस्टरच्या सूत्राने आवर्तन ५० सेकंदांचं येतं. भार ८० टक्के झाला की तेच १०० सेकंदांवर जातं आणि ९० टक्क्यांना २०० सेकंदांवर. गाड्या दीडपटच वाढल्या, पण आवर्तन चौपट झालं. रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्या माणसाला वाटतं की एका महिन्यात अचानक सगळं बिघडलं. प्रत्यक्षात भार काठावर आला की थोडीशी भरही पुरेशी होते, हे या आकड्यांतून दिसतं.

खरं कोडं पुढे होतं. दोन चौकांत ४०० मीटर अंतर असेल आणि गाड्या ताशी ४० किलोमीटरने येत असतील, तर त्यांना ३६ सेकंद लागतात. म्हणजे पुढचा सिग्नल ३६ सेकंदांनी उशिरा सुटला तर मागून सुटलेला जथा न थांबता पार होतो. पण समोरून येणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी हाच हिशेब उलटा लागतो. त्यात आडवा रस्ता आला, त्या रस्त्यावरचे पुढचे-मागचे चौक आले, की एकाची सोय दुसऱ्याची अडचण होते. या गुंत्याची जाण लोकांना फार पूर्वीपासून होती. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीने १९१७ साली सहा चौकांचे सिग्नल एकत्र जोडले होते. एक माणूस हाताने बटण फिरवून ते चालवायचा. १९२२ साली ह्यूस्टनने एका मनोऱ्यातून बारा चौक चालवले. १९५२ साली डेन्व्हरने गाड्यांची नोंद घेऊन ठरलेल्या वेळापत्रकांतून एक निवडणारं ॲनालॉग यंत्र बसवलं. मात्र एवढे चौक, एवढ्या दिशा आणि क्षणोक्षणी बदलणारी गर्दी यांचा एकत्र हिशेब मांडण्याची ताकद यांपैकी कशातच नव्हती.

छावणीतून आलेला अभियंता

ती ताकद टोरांटोत ज्यांनी आणली त्यांत जोसेफ केट्स यांचं नाव आधी घ्यावं लागतं. १९२१ साली व्हिएन्नातल्या ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर कुटुंबाला देश सोडावा लागला आणि ते इंग्लंडला पोहोचले. पण युद्ध पेटल्यावर तिथे जर्मन भाषा बोलणारा प्रत्येक परका संशयित ठरला. नाझींच्या तावडीतून सुटलेल्या या मुलाला ‘शत्रुराष्ट्राचा नागरिक’ म्हणून पकडण्यात आलं, १९४० साली जहाजातून कॅनडाला पाठवलं गेलं आणि तिथल्या छावणीत तारेच्या कुंपणामागे ठेवलं गेलं. सुटका झाल्यावर त्यांनी टोरांटोत नोकरी धरली, विद्यापीठात शिक्षण घेतलं आणि संगणकशास्त्र हा शब्दही रूढ नसताना संगणक बांधायला घेतले.

१९५० च्या उन्हाळ्यात टोरांटोच्या मोठ्या राष्ट्रीय प्रदर्शनात केट्स यांनी ‘बर्टी द ब्रेन’ नावाचं यंत्र मांडलं. चार मीटर उंचीचं ते धूड माणसांशी फुल्ली-गोळा खेळायचं. लोक रांगा लावून त्याच्याशी हरायला उभे राहत. अवघडपणा कमी-जास्त करण्याची सोयही त्यात होती. तो कमी केल्यावर प्रसिद्ध विनोदी नट डॅनी के यांनी यंत्रावर मात केली आणि त्यांचा आनंद ‘लाइफ’ मासिकाच्या छायाचित्रकाराने टिपला. प्रदर्शन संपलं आणि यंत्र मोडीत निघालं. पण केट्स यांच्यासाठी तो खेळ नव्हता. समोरच्याने चाल केली की लगेच परिस्थिती वाचायची आणि लगेच उत्तर द्यायचं, हे काम यंत्र करू शकतं हे त्यांनी हजारो लोकांसमोर दाखवलं होतं.

१९५४ च्या सुमारास केट्स, लेन कॅसियाटो आणि जो शपिरो यांनी सल्लागार कंपनी काढली. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव केसीएस. मेट्रोचं वाहतूक खातं सॅम कॅस हे आयुक्त चालवत होते. संगणकाने सिग्नल चालवावेत ही कल्पना केट्स आणि कॅस यांच्या सहकार्यातून पुढे सरकली. त्या काळी संगणक पगारपत्रकं छापत, विमा कंपन्यांचे हिशेब करत किंवा शास्त्रज्ञांची समीकरणं सोडवत. कागद आत जाई, तासांनी उत्तर बाहेर येई. चालू रस्त्यावर, गाड्या धावत असताना, सेकंदाच्या आत निर्णय घेणारं यंत्र ही सर्वस्वी वेगळी गोष्ट होती. चूक झाली तर ती कागदावर राहणार नव्हती. चौकात लोखंडावर लोखंड आदळणार होतं.

दोन हजार शब्दांत मावलेलं शहर

१९६० साली चाचणी झाली. त्यासाठी आयबीएम ६५० हा संगणक वापरला. त्याची स्मृती म्हणजे मिनिटाला १२,५०० फेऱ्या घेणारा एक चुंबकी ड्रम. त्यावर एकूण २,००० ‘शब्द’ मावत आणि एक शब्द म्हणजे फक्त दहा अंक. ड्रमची एक फेरी पावणेपाच मिलिसेकंदांच्या आसपास व्हायची. हवा तो आकडा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत यंत्राला थांबावं लागायचं. त्यामुळे प्रोग्रॅम लिहिणारे पुढची सूचना ड्रमवर अशा जागी ठेवत की आधीची संपता संपता ती वाचणाऱ्या टोकाखाली हजर होईल. आज साध्या फोनमधल्या एका छायाचित्राला जेवढी जागा लागते, त्याच्या अगदी छोट्या तुकड्यात त्या यंत्राची सगळी स्मृती बसेल. एवढ्याशा जागेत कोणत्या चौकात कधी काय लागायचं हे मांडणं म्हणजे फार काटेकोर काम होतं.

चाचणी यशस्वी झाली, म्हणून मेट्रोने कायमची व्यवस्था उभारायचं ठरवलं. त्यासाठी युनिव्हॅक ११०७ हा त्या काळचा बलाढ्य संगणक आणण्यात आला. १९६३ साली पहिले २० चौक त्याच्या ताब्यात गेले. रस्त्यातले शोधक गाड्या मोजत, त्यांचे आकडे तारेने मध्यवर्ती यंत्राकडे जात आणि तिथून उलट आदेश येई. अशा व्यवस्थेत आदेश गेला तसा दिवा खरोखर बदलला का, हेही यंत्राला उलट कळतं. तार तुटली किंवा संगणक बंद पडला तर चौकातली जुनी पेटी स्वतःच्या तबकडीवर चालू लागते. दिवे अंधारात जात नाहीत. ही तरतूद बाहेरून दिसत नाही, पण तिच्याशिवाय कुठल्याही नगरपालिकेने असा धोका पत्करला नसता.

२० चौकांचे १९७३ सालापर्यंत ८८५ झाले. शहरभरच्या सिग्नलची दोरी संगणकाच्या हाती देणारं पहिलं शहर म्हणून टोरांटोचं नाव घेतलं जातं ते या दहा वर्षांमुळे. त्याआधी प्रत्येक चौक आपापल्या तबकडीवर चालायचा. आता तेच चौक एका हिशेबात आले, आणि शहराला पहिल्यांदा आपल्या रस्त्यांवर त्याच क्षणी काय चाललंय ते एका खोलीतून दिसू लागलं.

लगेच लगेच बदलण्याचा मोह

टोरांटोनंतर इतर शहरंही या वाटेवर आली. १९६४ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत आयबीएमने शहराच्या मदतीने असाच प्रयोग सुरू केला. १९६६ साली टेक्सासमधल्या विचिटा फॉल्स या छोट्या शहरात ५६ चौक संगणकावर आले. तिथे गाड्यांना थांबावं लागण्याचं प्रमाण १६.३ टक्क्यांनी, खोळंबा ३१.१ टक्क्यांनी आणि अपघात ८.५ टक्क्यांनी घटले. या आकड्यांनी अमेरिकेच्या केंद्र सरकारलाही उत्साह आला. वॉशिंग्टनमध्ये ११३ चौक आणि ५१२ शोधक घेऊन मोठा प्रयोग उभा राहिला आणि १९७२ साली चालू झाला.

या प्रयोगाने अभियंत्यांना एक धडा शिकवला, तो आजही उपयोगी आहे. तिथे तीन पिढ्यांच्या पद्धती आळीपाळीने तपासण्यात आल्या. पहिल्या पिढीत वेळापत्रकं आधीच तयार करून ठेवलेली असत; संगणक परिस्थितीनुसार त्यांतून एक निवडायचा. दुसरी आणि तिसरी पिढी अधिक हुशार होती: रस्त्यावरचे आकडे घेऊन ती वेळापत्रक त्याच वेळी नव्याने मांडायची, तिसरी तर जवळजवळ सतत. अपेक्षा अशी होती की जितकं लवकर बदलाल तितकं चांगलं. निकाल उलटा लागला. शहाणपणाने आधी तयार केलेली वेळापत्रकं एकंदरीत सरस ठरली. कारण सोपं होतं. गाड्या मोजून वेळापत्रक तयार होईपर्यंत रस्त्यावरचं चित्र बदललेलं असतं, अंदाज चुकतो. शिवाय एका वेळापत्रकातून दुसऱ्यात जाताना चौकांचा जुळलेला मेळ मोडतो आणि तो पुन्हा बसायला वेळ लागतो. वारंवार बदललं की मेळ बसायच्या आधीच पुन्हा मोडतो.

पुढच्या यशस्वी व्यवस्था या धड्यावरच उभ्या राहिल्या. वेबस्टर यांच्याच रोड रिसर्च लॅबोरेटरीत डेनिस रॉबर्टसन यांनी १९६० च्या दशकात ‘ट्रान्सिट’ हा संगणक प्रोग्रॅम तयार केला. तो सगळ्या जाळ्याचा खोळंबा एकत्र मांडून वेळापत्रक सुचवायचा. १९७० च्या दशकात त्याच संशोधनातून ‘स्कूट’ आला आणि त्याच्या चाचण्या ग्लासगोत झाल्या. स्कूटचे शोधक चौकाच्या बरेच आधी, मागच्या चौकातून गाड्या बाहेर पडतात तिथे बसवलेले असतात. म्हणून पुढे येणारा जथा आधीच कळतो. आणि वेळा बदलायच्या त्या एकदम नाही, एकावेळी थोड्या सेकंदांनीच. सिडनीत त्याच सुमाराला न्यू साउथ वेल्सच्या मुख्य रस्ते खात्याने आर्थर सिम्स यांच्या नेतृत्वाखाली ‘स्कॅट्स’ उभी केली. तिचे शोधक थांबण्याच्या रेषेलगतच असतात आणि हिरवा किती वाया गेला यावरून पुढची वेळ ठरते. दोन्ही रीती आज जगातल्या अनेक शहरांत चालू आहेत. १९८४ च्या ऑलिंपिकसाठी लॉस एंजेलिसने स्टेडियमच्या भोवतालचे ११८ चौक आणि ३९६ शोधक संगणकावर आणले. तीच व्यवस्था वाढत वाढत २०१३ साली शहरातल्या जवळजवळ ४,४०० सिग्नलपर्यंत पोहोचली.

कोणाचा वेळ मोजायचा?

टोरांटोची गोष्ट इथे संपवली तर ती अर्धीच राहील. सॅम कॅस यांना संगणकी सिग्नल हवे होते आणि द्रुतगती मार्गही. उत्तरेकडच्या उपनगरांतून थेट शहराच्या मध्यात उतरणारा स्पडायना द्रुतगती मार्ग त्यांना आवश्यक वाटत होता. तो पूर्ण झाला असता तर जुन्या वस्त्या, झाडांच्या गल्ल्या आणि शेकडो घरं त्याखाली गेली असती. न्यूयॉर्कहून १९६८ साली टोरांटोला आलेल्या लेखिका जेन जेकब्ज यांच्यासह अनेक रहिवासी विरोधाला उभे राहिले. ३ जून १९७१ रोजी ओंटारिओचे प्रीमियर बिल डेव्हिस यांनी मार्ग थांबवला. गाड्यांसाठी शहर बांधायचं असेल तर स्पडायना योग्य आहे, पण शहर माणसांसाठी असेल तर इथेच थांबायला हवं, असं त्यांनी विधानसभेत सांगितलं.

सिग्नलच्या हिशेबातही हाच प्रश्न आहे, आणि तो आजवर पुरेसा विचारला गेलेला नाही. विचिटा फॉल्सचे आकडे बघा: थांबणं कुणाचं कमी झालं? गाड्यांचं. खोळंबा कुणाचा घटला? गाड्यांचा. शोधक लोखंड मोजतो, म्हणून पदपथावर उभ्या असलेल्या माणसाची वाट पाहण्याची मिनिटं त्या हिशेबात आलीच नाहीत. शंभर प्रवासी नेणारी ट्राम आणि एकटा माणूस असलेली मोटार यांची नोंद सारखीच झाली. पुढे टोरांटोनेच आपल्या ट्रामना चौकात पसंती देणारे सिग्नल बसवायला सुरुवात केली, म्हणजे गाड्यांऐवजी त्यांतली माणसं मोजायला घेतली. त्यासाठी यंत्र बदलावं लागलं नाही. यंत्राला विचारायचा प्रश्न बदलला.

रस्ता ओलांडणाऱ्याला किती सेकंद द्यायचे, हेही असंच ठरतं. अमेरिकेत पूर्वी माणूस सेकंदाला चार फूट, म्हणजे साधारण १.२ मीटर चालतो असं धरत. २००९ च्या नियमपुस्तिकेत हा वेग साडेतीन फुटांवर आणला. १५ मीटर रुंद रस्त्यासाठी पूर्वी साडेबारा सेकंद पुरत होते, आता सुमारे १४ लागतात. पण सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजींना त्याच रस्त्यासाठी जवळजवळ १९ सेकंद लागतात. हे पाच सेकंद कुठूनतरी घ्यावे लागणार, आणि ते कुणाकडून घ्यायचे हे संगणक ठरवत नाही. ते सिग्नलच्या वेळा मंजूर करणाऱ्या कार्यालयात ठरतं.

आपल्याकडे मुंबईत या शतकाच्या पहिल्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने, मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाअंतर्गत, संगणकी सिग्नलची व्यवस्था आली. ती पाश्चात्य शहरांच्या धाटणीची होती, आणि आपल्या रस्त्यांचा स्वभाव वेगळा आहे. मार्गिका पाळून एकामागे एक उभ्या राहणाऱ्या गाड्या मोजण्यासाठी डांबरात पुरलेलं तारेचं वेटोळं उत्तम. पण दुचाकी, रिक्षा, बस आणि हातगाडी एकाच पट्ट्यात शेजारी शेजारी शिरल्या की त्याचा हिशेब चुकतो. पाण्याची किंवा केबलची वाहिनी टाकायला रस्ता खणला की तीच तार तुटते. म्हणून कॅमेऱ्यावरून मोजण्याच्या नव्या पद्धती आपल्या शहरांना अधिक उपयोगी पडू शकतात. त्यांना गाडीइतकाच पदपथावरचा माणूसही दिसू शकतो.

साठहून अधिक वर्षांचा हा इतिहास वाचताना मला एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. केट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,००० शब्दांच्या स्मृतीत जे करून दाखवलं, त्याहून कितीतरी पट ताकदीची यंत्रं आज आपल्या महानगरपालिकांकडे आहेत किंवा येऊ घातली आहेत. ताकदीची उणीव राहिलेली नाही. आता प्रत्येक निविदेत, प्रत्येक नव्या ‘स्मार्ट’ सिग्नलच्या करारात एक अट असलीच पाहिजे: खोळंबा मोजताना बसमधला, पदपथावरचा आणि काठी टेकत निघालेला माणूसही धरला जाईल, आणि त्याचे आकडे गाड्यांच्या आकड्यांसोबत दर वर्षी लोकांसमोर ठेवले जातील. नगरसेवकांनी ते मागावेत, आयुक्तांनी ते द्यावेत आणि वर्तमानपत्रांनी ते छापावेत. टोरांटोच्या लोकांनी १९७१ साली द्रुतगती मार्गाबाबत जो प्रश्न विचारला, तोच आपण आपल्या नाक्यावरच्या सिग्नलला विचारला, तर हे यंत्र आपल्या शहरांचंही काम चोख करील.